कोक्रिको तोंड मिटून बसत नाही

होपफील्ड, टोबॅगो
बुधवार, ३ मार्च, पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटे
(अंकल नेथनच्या टोमॅटोंसमोर, उलट्या बादलीवर बसून, मांडीवर पाट ठेवून)

आदरणीय टँटी युजीना,

तुमचे दोन्ही गुडघे, रक्तदाब आणि मिनर्व्हा मांजर ही सगळी मंडळी ठीक असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघे बरे आहोत. अंकल नेथनची पाठ धरली होती ती रविवारी सुटली आणि सोमवारी, ज्या कारणासाठी हे पत्र लिहितो आहे त्याच कारणाने, पुन्हा धरली. माझी भूक चांगली आहे, झोप तेवढी गेली आहे. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. टँटी, फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो टँटी' म्हणतो. तुम्ही त्रिनिदादला गेल्यापासून अकरा वर्षं हे नीट चाललं आहे, माझी काही तक्रार नाही. पण या वेळचा विषय 'हो टँटी'मध्ये मावत नाही. तुम्ही दिलेला शब्दकोश बादलीशेजारी ठेवला आहे, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका नसाव्यात. असल्याच तर गेल्या नाताळात केलंत तसं लाल शाईने खुणा करून पत्र परत पाठवावं, मी दुरुस्त करून पुन्हा पाठवीन. (आणि सहज विचारतो, तुमच्या अरिमात हल्ली बायका समारंभाला कोणत्या रंगाचे कपडे घालतात? पिवळा रंग तुम्हाला फार खुलतो, असं इथे सगळ्यांचं मत आहे. नुसतं विचारलं, पुढे चला.)

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात की १३ तारखेच्या समारंभाची बातमी अरिमापर्यंत पोचली आहे आणि तुम्ही येणार आहात. मी 'हो टँटी' म्हणालो. बातमी तुम्हाला मिस आयडेलाने तिच्या दुकानातल्या फोनवरून दिली असणार, आणि तिच्या हाताला मीठ जास्त, म्हणून झालं तसं सांगतो. दहाची नवी नोट प्लॅस्टिकची निघाली आहे आणि तिच्यावर आपला कोक्रिको आहे. पक्षी टोबॅगोचा, म्हणून पोर्ट ऑफ स्पेनच्या मोठ्या बँकेतल्या एक बाई ती नोट टोबॅगोच्याच एखाद्या गावात लोकांना दाखवणार, आणि वर्तमानपत्रासाठी फोटो काढणार. पुढे बाई, बाईंच्या हातात नोट, आणि मागे खराखुरा कोक्रिको. त्यांचा फोन आला ग्रामपंचायतीच्या मिस्टर ट्रिमना. मिस्टर ट्रिमनी पोस्टातल्या एकतीस वर्षांच्या नोकरीत पोर्ट ऑफ स्पेनच्या माणसाला एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही. बाईंनी विचारलं, एखाद-दुसरा दिसू शकेल का हो? हे म्हणाले, "बाई, आमच्याकडे ते कोंबड्यांसारखे हिंडतात. किती देऊ?" बाई हसल्या. मिस्टर ट्रिमनी ते हसणं डझनभराची मागणी म्हणून लिहून घेतलं.

मग त्यांनी सभा बोलावली आणि विचारलं, की गावात कोक्रिकोची सगळ्यांत जास्त माहिती कोणाला? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. टँटी, माहिती आहे ती खरी, पण कशी आहे हे तुम्हीच सांगा. नवव्या वर्षापासून पातेलं आणि डाव घेऊन मी त्यांच्या मागे धावतो आहे. ते मला तोंडाने ओळखतात. अशा माणसाला त्यांना बोलावून आणायला सांगणं म्हणजे मांजराच्या हाती उंदरांच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला देणं आहे. मी तसं म्हणणार होतो, पण तेवढ्यात मिस्टर ट्रिम म्हणाले की वनखात्याचे मिस्टर बेन्सही समारंभाला येणार आहेत, त्यांच्याकडे वनरक्षकाच्या मदतनिसाची एक जागा रिकामी आहे, आणि ते म्हणालेत, जो पोरगा ठरल्या दिवशी ठरल्या वेळी कोक्रिको हजर करील त्याचा अर्ज मी सगळ्यांत वर ठेवीन. खाकी शर्ट, बूट, आणि दर महिन्याला पगार. तुम्हाला माहीतच आहे, माझं काम दहा दिवसांचं. दहा दिवस सरकारी गटार उपसायचं, मग घरी बसायचं, मग यादीत पुन्हा नाव येईपर्यंत मिस आयडेलाच्या पायरीवर बसून यादीची वाट पाहायची. (सध्या दहा दिवस चालू आहेत, आज आठ वाजता गटारावर जायचं आहे.) तेविसाव्या वर्षी माझ्या नावावर एक सलग महिना नाही. मी 'हो मिस्टर ट्रिम' म्हणालो. ही 'हो' म्हणायची सवय मला कुठून लागली ते मी लिहीत नाही.

नोट कशी आहे ते तुम्ही विचाराल. मिस्टर ट्रिमकडे नमुन्याच्या तीन आल्या आहेत, सही करून घेतलेल्या. शनिवारी त्या मिस आयडेलाच्या दुकानात काउंटरवर मांडल्या, तेव्हा अख्खं गाव पाहायला आलं. मिस्टर ट्रिमनी एक मुठीत चुरगळली आणि सोडली, तर ती आपोआप उलगडली. ते म्हणाले, "पोस्टात एवढी वर्षं काढली, पण इतका निगरगट्ट कागद पाहिला नाही." मिस आयडेला म्हणाली, "कागदाची नोट निदान लाजून चुरगळायची तरी. ही माझ्या हातातून माशासारखी निसटते." मग तिने ती खारवलेल्या माशाच्या पाण्यात बुडवून पाहिली (मिस्टर ट्रिमना खुर्ची द्यावी लागली), आणि नोटेला काही झालं नाही, नुसता वास लागला. नोटेला एका बाजूला आरपार दिसणारी खिडकी आहे. मी तिच्यातून पाहिलं. पलीकडे मिस आयडेलाच होती.

पण खरा वाद चित्रावरून झाला. चित्रातला कोक्रिको फांदीवर बसला आहे, एकटा, चोच मिटून. आता टँटी, तुम्ही इथे पन्नास वर्षं काढलीत. एकटा कोक्रिको पाहिलात कधी? आणि गप्प? एकाने 'कोक्रिको' म्हटलं की दुसरा म्हणणार, दुसऱ्याने म्हटलं की अख्खी टेकडी म्हणणार, आणि उन्हाळ्यात मध्येच ओरडले की पाऊस येणार असं अंकल म्हणणार, आणि पाऊस येणार नाही. मिस आयडेला चष्मा लावून म्हणाली, "तोंड मिटलेला कोक्रिको? चित्र काढताना हा मेलेला असेल." अंकल नेथन म्हणाले, "मेलेला असता तर इतका लठ्ठ नसता. हा माझ्या टोमॅटोवर पोसलेला आहे. मी याला ओळखतो." यावर सगळे हसले. मीही हसलो. पण काल बाईंचा निरोप आला, आणि आता हसू येत नाही. निरोप असा, की डझनभराची गरज नाही, एकच पुरे, मात्र तो नोटेवरच्यासारखा दिसावा: फांदीवर, एकटा, चोच मिटून. बारा आणणं मला जमलं असतं. बाराच काय, साठ आणले असते. पण अकरा जणांना 'तुम्ही घरी थांबा' म्हणून कसं सांगायचं, आणि जो येईल त्याच्या तोंडाला कुलूप कसं लावायचं, हे मला कळत नाही. हा निरोप मी काल संध्याकाळपासून सात वेळा वाचला आहे.

त्याआधी जागेचा प्रश्न होता. कोक्रिको यायचे तर त्यांना खायला काहीतरी सोडावं लागणार, आणि गावात कुणी मळा द्यायला तयार होईना. मिस आयडेला म्हणाली, "माझ्या कोबीवर ते पंधरा वर्षं जेवतायत, तेव्हा फोटो काढायला कुणी आलं नाही." अंकल नेथननी तर दारच लावून घेतलं. शेवटी मिस्टर ट्रिम स्वतः आले आणि खिडकीतून म्हणाले, "नेथन, पहिल्या रांगेत बाईंच्या शेजारची खुर्ची तुझी." खिडकी बंद झाली, आणि दोन मिनिटांनी दार उघडलं. अंकलना खुर्चीचा मोह नाही, हे तुम्ही जाणता. त्यांना बाईंना एक बिल द्यायचं आहे. एकोणीस वर्षांत कोक्रिकोंनी गावातल्या मळ्यांत मिळून किती टोमॅटो, किती तूर, किती पपया खाल्ल्या, त्याचं बिल. माझ्या वह्यांवरून त्यांनी ते काढलं. (तुम्ही जाताना म्हणालात ना, की शाळा सुटली तरी रोज काहीतरी लिहीत जा. काय लिहावं ते सुचेना, म्हणून मी रोज पहाटे किती कोक्रिको आले, किती वाजता आले, काय खाल्लं आणि कुठल्या दिशेला गेले ते लिहीत गेलो. अकरा वह्या झाल्या. त्याआधीची आठ वर्षं अंकलनी अंदाजाने घातली, आणि त्यांचा अंदाज सढळ असतो.) मी म्हटलं, अंकल, बँक पक्ष्यांचं देणं कसं देईल? ते म्हणाले, "ज्याचं तोंड नोटेवर, त्याने नोटा मोजाव्यात. यात न समजण्यासारखं काय आहे?" मी पुढची वही काढून दिली.

तर सोमवारी मळा उघडा केला. दोरीवरचे डबे उतरवले, चकाकणाऱ्या फिती सोडवल्या, आणि शेवटी बुजगावणं काढलं. ते अंकलनी एकट्याने उचललं आणि तेव्हाच त्यांची पाठ धरली. (बुजगावण्याच्या कपड्यांविषयी पुढे लिहीन. जागा उरली तर.) त्याचा खांब तेवढा जमिनीत राहिला आहे, तो हलत नाही. मंगळवारी पहाटे तीन कोक्रिको आले, लांबून पाहून गेले. आज आता पाच पस्तीस झाले आहेत, उजाडतं आहे, आणि हे लिहीत असताना मी मोजतो आहे: सहा. अकरा. एकोणीस. आवाज इतका आहे की माझं मलाच लिहिलेलं ऐकू येत नाही. चौतीस. अंकल खिडकीत उभे आहेत, हातात पातेलं आणि डाव आहे, आणि न वाजवण्याचं वचन दिल्यामुळे ते नुसतेच कण्हताहेत. ठरलं असं होतं की पक्ष्यांनी पहिल्या चार वाफ्यांत खावं. टँटी, ते वाफे मोजत नाहीत.

आणखी एक गोष्ट झाली, ती कुणाला सांगू नका. प्लॅस्टिकची नोट उन्हात चमकते, आणि १३ तारखेच्या शनिवारी बाईंनी ती उंच धरल्यावर पक्षी बुजले तर काय, अशी मला भीती होती. म्हणून काल मी मिस्टर ट्रिमकडून एक नमुना मागून आणला, पावतीवर सही करून ('नोट एक, प्लॅस्टिक, विनाडाग'), आणि आज तो कपड्याच्या चिमट्याने काठीला लावून वाफ्यात उभा केला. पक्षी बुजले नाहीत. एक काठीवर बसला, वाकून आपलंच चित्र नीट पाहिलं, मग शेपटी वळवली आणि नोटेवर आपलं मत दिलं. मी बादलीत नोट धुतली. एका मिनिटात स्वच्छ, ना डाग, ना सुरकुती. नव्या नोटेचा याहून मोठा गुण शनिवारच्या भाषणात कुणी सांगू शकणार नाही, आणि तो मला एकट्याला माहीत आहे, आणि मला बोलता येत नाही. तरी 'विनाडाग' हा शब्द डोक्यातून जात नाही. मी ती पुन्हा एकदा धुणार आहे.

गटारावर जायची वेळ झाली. गुडघ्यांना जायफळाचं तेल लावत जा. मिस्टर अल्फर्ड उद्या सकाळच्या फेरीबोटीने त्रिनिदादला जाणार आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो. ते तुमच्या दारापर्यंत आणून देतील, आणि आत आले तर त्यांना बसायला सांगावं, फक्त फार वेळ बोलू देऊ नये. का, ते खाली कळेल.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
ऑर्विन क्वाशी

ता. क. जागा उरली आहे, तेव्हा कपड्यांचं लिहितो. तुमचा जांभळा झगा ट्रंकेत नाही. कापराच्या वड्या आहेत, झगा नाही. तुम्ही गेलात त्या वर्षी अंकलच्या बुजगावण्याला अंकलचा जुना सूट होता आणि कोक्रिको त्याच्या खांद्यावर बसून टोमॅटो खायचे. तुम्ही इथे होतात तेव्हा तुम्ही नुसतं दारातून 'ए!' म्हटलं तरी टेकडी रिकामी व्हायची. अंकल एक दिवस म्हणाले, त्यांना सुटाची भीती नाही, युजीनाची आहे, आणि ट्रंक उघडली. मी बारा वर्षांचा होतो. मी विरोध केला, पण मग टाचण्या मीच धरल्या. रुंद काठाची टोपीसुद्धा. दुसऱ्या दिवशीपासून एकही पक्षी आला नाही. अकरा वर्षं नाही. वह्यांत बघा, दुसऱ्यांच्या मळ्यांतले आकडे आहेत, आपल्या मळ्यात शून्य, शून्य, शून्य. झगा मी दर नाताळात धुतो आणि वाळवून परत घालतो. लेस दोनदा बदलली (दुसरी मासे धरायच्या जाळ्याची आहे, पण लांबून कळत नाही). बटणं सगळी मूळची आहेत. रस्त्याने जाणारे 'गुड मॉर्निंग, मिस युजीना' म्हणतात. मिस्टर अल्फर्ड एकदा सणाच्या दिवशी घरी परतताना कुंपणाशी थांबून दहा मिनिटं तिच्याशी बोलले, आणि मग गावभर सांगत सुटले की त्रिनिदादला गेल्यापासून युजीनाचा स्वभाव फार मऊ झाला आहे.

ता. क. दुसरा (बुधवार, संध्याकाळी सहा). खरं सांगायचं ते अजून राहिलंच. रविवारी तुम्ही म्हणालात की जुन्या झग्याच्याच कापडाचा दुसरा शिवून घेतला आहे, तोच घालून येणार, आणि टोपी पण तशीच मिळाली. मी 'हो टँटी' म्हणालो आणि त्या रात्रीपासून झोपलो नाही. टँटी, तुम्ही त्या झग्यात रस्त्याच्या वळणावर दिसलात की शनिवारी होपफील्डमध्येच काय, पलीकडच्या तिन्ही गावांत कोक्रिको उरणार नाही. बाई नोट हातात धरून उभ्या राहतील, मागे नुसती टेकडी, आणि मिस्टर बेन्स माझा अर्ज सगळ्यांत खाली ठेवतील. म्हणून हात जोडून विनंती, की या वेळी येऊ नका. यायचंच असेल तर पिवळा घाला, डोक्याला रुमाल बांधा, आणि रस्त्याच्या बाजूने न येता मिस आयडेलाच्या मागच्या दाराने या. तिळाचे लाडू मी मिस्टर अल्फर्डबरोबर आगाऊ पाठवतो आहे, रागाने नाकारू नयेत.

ता. क. तिसरा (गुरुवार, सकाळी सहा वीस. मिस्टर अल्फर्ड सात वाजता येतील). वरचा ता. क. रद्द समजावा. खोडत नाही, कारण खाडाखोड तुम्हाला आवडत नाही. काय झालं ते ऐका. सोमवारी बुजगावणं काढल्यावर मी ते गोठ्यात टाकणार होतो, तर अंकल, पाठ धरलेली असताना, म्हणाले, "तिथे नको. जमिनीवर टाकायची बाई आहे का ती?" आणि त्यांनी तिला जेवणघरात, तोंड भिंतीकडे करून, तुमच्या खुर्चीत बसवलं. काल रात्री जेवताना ते म्हणाले की पाठमोरी बसली की जास्तच बोलते आहे असं वाटतं. म्हणून खुर्चीसकट तिला व्हरांड्यात नेऊन ठेवलं, मळ्याकडे तोंड करून. आज पहाटे मी बादलीवर बसलो. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. कालचे चौतीस कुठेच नाहीत. मग एक आला. एकच. तो रिकाम्या खांबावर बसला, तुमच्या जागी, आणि व्हरांड्याकडे पाहत राहिला. मान हलवली नाही, पंख हलवला नाही. टँटी, त्याने चोच मिटून घेतली होती. बाकीचे लांब झाडांत होते, सगळे गप्प, जणू याला पुढे पाठवून निकालाची वाट पाहत होते. मी नोट काढून समोर धरली, एक डोळा मिटला, आणि ताडून पाहिलं. तोच. हुबेहूब तोच. ज्याने कुणी ते चित्र काढलं त्याला मिस आयडेला उगाच हसली. बारा मिनिटं बसला होता, मी घड्याळ लावलं होतं. खांबापासून खुर्चीपर्यंत मी मोजलं, बेचाळीस पावलं. जवळ असलात तर एकही येत नाही, नसलात तर सगळे येतात आणि ओरडतात. बेचाळीस पावलांवर असलात तर एक येतो आणि गप्प बसतो.

तेव्हा टँटी, या. नक्की या. जांभळा झगा, रुंद काठाची टोपी, सगळं घाला. नऊच्या आत पोचा, सरळ व्हरांड्यात जा, तुमच्या खुर्चीत बसा आणि मळ्याकडे बघा. खाली उतरू नका, एक पाऊलही. आणि दहा वाजल्यापासून फोटो निघेपर्यंत बोलू नका. (सगळ्यांत अवघड गोष्ट मागतो आहे, याची मला कल्पना आहे.) बुजगावण्यावरही भागलं असतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तसा विचार केला. पण मिस्टर ट्रिम पाहुण्यांसमोर व्हरांड्यात पेंढा बसवू देणार नाहीत, आणि शिवाय ती खुर्ची तुमची आहे. अकरा वर्षं तुम्ही मळ्यात उभ्या होतात, एकदा बसा. झग्याबद्दल जे काय बोलायचं ते समारंभानंतर बोला, मी 'हो टँटी' म्हणेन. अंकल पाकीट चिकटवायला मागताहेत, त्यांना देतो. मी नोट परत करून येतो. तिसऱ्यांदा धुतली आहे.

ऑर्विन

युजीना,

पाकीट चिकटवायच्या आधी हे लिहितो. पोराचं ऐकू नकोस. जांभळा घाल, टोपी घाल, आणि व्हरांड्यात बसू नकोस, सरळ खाली मळ्यात ये आणि 'ए!' म्हण. आठ वाफे होते, अडीच उरलेत. नोकरीची काळजी नको. काल दुपारी पोरगा गटारावर असताना बेन्स येऊन गेला. बिलासाठी बाहेर काढलेल्या वह्या त्याला दिसल्या. अकराच्या अकरा वाचल्या, माझे दोन कप चहा प्यायला. म्हणाला, आमच्या कचेरीत नऊ जण आहेत, नऊ मिळून एवढं कुणाला माहीत नाही. फोटो निघो न निघो, एक तारखेपासून पोराला पाठवून द्या, बुटाचं माप तेवढं कळवा. माप मी दिलं. पोराला अजून सांगितलं नाही. सांगितलं तर तो धावत ट्रिमकडे जाईल, मग शनिवारची हवा निघून जाईल आणि माझी पहिल्या रांगेतली खुर्ची जाईल. बिल दिल्याबरोबर सांगतो. झगा मी काढला होता, त्याने नाही. तो रडला होता, ते त्याने लिहिलेलं नाही.

खर्च: तुझं फेरीबोटीचं तिकीट, पन्नास डॉलर, सोबत ठेवले आहेत. नोटा जुन्याच आहेत, कागदाच्या.
येणे: कोक्रिकोकडून, एकोणीस वर्षांचे, अकरा हजार चारशे तीस.
देणे: तुला, झगा एक. बटणं मोजली, सगळी आहेत.

नेथन